करवंडेवाडीची मावशी

भागोजीने लुगड्याचा काष्टा खेचून मागे खोचला आणि दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. दर शिमग्याला मावशीचे सोंग घेताना हे काम तो पलित्याच्या उजेडात करी. आज दुपारचे लख्ख ऊन होते. रावजी गावकराच्या अंगणात सगळी करवंडेवाडी जमली होती, आणि एवढ्या उजेडात आपल्या पायांवरचे केस, हनुवटीचे खुंट, कपाळावरचे कुंकवाचे फराटे सगळ्यांना दिसणार, या संकोचाने तो खांबाआड उभा होता.

"मावशी, जरा खोका," रेडिओचे साहेब म्हणाले.

भागोजी खोकला. ओटीवर यंत्र मांडून बसलेल्या माणसाने कानांवरच्या चकत्या नीट केल्या आणि अजून एकदा खोकायची खूण केली. या वेळी भागोजी मावशीसारखा खोकला. आधी पदर सावरून, मग चारचौघांत खोकावे लागते आहे याचा राग आल्यासारखा. अंगणातली माणसे हसली, तसा तो खांबाआडून बाहेर आला.

रेडिओची माणसे मुरुडला कोळ्यांची गाणी टिपायला आली होती. परतीच्या वाटेवर काशीदला सिराजुद्दीनच्या दुकानाशी त्यांची गाडी थांबली. सिराजुद्दीन तरुणपणी जहाजावर होता. आता किराणा विकत असे आणि आल्यागेल्याला भागोजीच्या मावशीबद्दल सांगत असे. त्याने साहेबांना इतके सांगितले, की मुंबईला जाणारी गाडी डोंगराकडे वळली. रात्रीपर्यंत थांबणे त्यांना जमणार नव्हते. म्हणून शिमगा सरून गेल्यावर, भरदुपारी, कामाच्या दिवशी मावशीला उभे राहावे लागले.

साहेबांनी एक गोष्ट समजावून सांगितली. ऐकणाऱ्याला दिसणार काही नाही, जे काय ते आवाजातून. भागोजीने मान डोलावली. पण मावशी नुसती चालत आली तरी लोक लोळत. तिच्या कमरेवरच्या हाताला हसत, तिने मान फिरवली की हसत. चालणे आवाजातून कसे करायचे?

माइकचा दांडा ओटीच्या कडेला, माजघराच्या गजांच्या खिडकीपाशी उभा केला होता. हातपाय हलवायला जागा हवी म्हणून भागोजी अंगणात थोडा लांब राहिला. ढोलकीवर थाप पडली. पहिली काही वाक्ये त्याने शाळेत धडा म्हणावा तशी म्हटली. मग बायांच्या रांगेतली शेजारची केसर तोंडावर हात घेऊन खुदखुदली आणि त्याला साहेबांचा, यंत्राचा, उन्हाचा विसर पडला.

त्या वर्षी मावशी यष्टीत बसून अलिबागच्या कोर्टात साक्षीला निघाली होती. गाडीत पाय ठेवायला जागा नाही. कंडक्टर ओरडतो, मावशी, पुढे सरका. मावशी हलत नाही. तो पुन्हा ओरडतो. मावशी कमरेवर हात ठेवते, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळते. इथे भागोजी थांबत असे. ढोलकीवालाही हात वर धरून थांबे. सगळी माणसे श्वास धरून बसत, आणि मग मावशी अगदी शांतपणे विचारी, "बाबा, गाडी चाललीच हाय की पुढं. त्यात मी आनखी चालायचं, तर मग तिकीट कशाचं घेतलंस?"

अंगण उसळले. यंत्रवाल्याने कानांवरच्या चकत्या दाबून धरल्या आणि मागे वळून एकदा खिडकीकडे पाहिले. भागोजीचे तिकडे लक्ष नव्हते. मावशी आता कोर्टात उभी होती आणि न्यायाधीश तिला वय विचारत होता.

*

मावशीचे काम भागोजीकडे आले ते जंजिऱ्याचे संस्थान विलीन झाले त्या वर्षीच्या शिमग्यात. त्याआधी बाबाजी मावशी होत असे. त्याचे दात पडले आणि बोलणे कळेनासे झाले, तेव्हा त्याने स्वतःच भागोजीच्या अंगावर लुगडे टाकले. भागोजीचे नुकतेच लग्न झाले होते. ठमी, त्याची बायको, पहिल्यांदाच शिमग्याचे खेळे बघायला आली होती आणि सासूच्या शेजारी अगदी पुढे बसली होती.

भागोजी मांडात, खेळाच्या रिंगणात, उतरला आणि माणसे हसू लागली. म्हातारी माणसे हसली, बाया हसल्या, बाबाजी बोळक्या तोंडाने हसला. हसत नव्हती ती एकटी ठमी. पदराचे टोक दातांत धरून ती देवळातल्या मूर्तीसारखी बसली होती. भागोजीने तिच्याकडे पाहिले. पुन्हा पाहिले. तिसऱ्यांदा पाहिले तेव्हा पुढचे बोलणे त्याच्या डोक्यातून पार पुसले गेले. ढोलकीवाल्याने प्रसंग ओळखून जोरात वाजवायला सुरुवात केली म्हणून निभावले.

घरी आल्यावर तोंडाचा रंग धुता धुता त्याने सांगून टाकले, की पुढच्या वर्षापासून तू खेळ्याला यायचे नाहीस. मला समोर तुझे तोंड दिसले की काही सुचत नाही.

"बरं," ठमी म्हणाली.

तो विषय तिथेच संपला. पुढच्या शिमग्यापासून ती घरी राहू लागली आणि भागोजीची मावशी बहरत गेली. आधी आजूबाजूच्या वाड्या, मग नांदगाव, मुरुडची जत्रा, खाडीपलीकडे रेवदंडा. एका वर्षी अलिबागला कचेरीच्या कारकुनांनी त्याला गणपतीत बोलावले आणि टोप्या गुडघ्यांवर आपटत हसले. मुंबईत गिरण्यांत गेलेली इकडची माणसे चाळीच्या अंगणात त्याचा खेळ ठेवत. भातलावणी, कापणी, गवताची विक्री हे सगळे सांभाळून तो लुगड्याचे गाठोडे काखेला मारून जाई. चालता चालता नवे काही सुचले की शेताच्या बांधावर उभा राहून मोठ्याने बोलून बघे. बैलांना त्याची सवय झाली होती.

घरी मात्र मावशीचे नाव निघत नसे. खेळ करून तो परतला की ठमी चुलीवरचे ऊन पाणी काढून देई. आवाज बसला का विचारी, आल्याचा तुकडा नि गूळ हातावर ठेवी. लोक किती हसले, हे तिने कधी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. मुले मोठी झाली, ठमीची सासू वारली, घरावर कौले आली, पण हे तसेच राहिले. एकदा सिराजुद्दीनच्या दुकानात बसल्या बसल्या तो बोलून गेला होता, की सगळा तालुका हसतो, माझे घर तेवढे हसत नाही. सिराजुद्दीनने तराजूतली डाळ पुडीत ओतली आणि म्हणाला की काही माणसांचे हसणे पोटात राहते, भागोजी, ते अल्लाला ऐकू जाते. भागोजीला ते काही पटले नव्हते.

ठमीला हसताच येत नाही असे नव्हते. मागच्या परड्यात कोंबड्यांशी, शेळीशी बोलताना ती कधी कधी हसे. पारवा घुमावा तसे, घशातल्या घशात. तो ओटीवर असे आणि त्याला ते ऐकू येई. पण तो आत आला की ते थांबे.

*

यंत्र गुंडाळताना साहेबांनी त्याला बाजूला घेतले. वैशाखातल्या एका रविवारी संध्याकाळी हा खेळ रेडिओवर लागणार होता. ऐकणाऱ्यांना आवडला, तर ते त्याला मुंबईच्या केंद्रावर बोलावणार होते. एकदा नव्हे, दर महिन्याला.

"तिथं मानसं किती बसतात?" भागोजीने विचारले.

साहेब हसले. तिथे माणसे नसतात म्हणाले. काचेची खोली असते, माइक असतो. बाहेरचा आवाज आत येत नाही. आपण बोलायचे, बस.

भागोजीने बघू म्हणून सांगितले. काचेच्या खोलीत कोणासाठी बोलायचे, हे त्याला कळेना. गाडी उतारावरून गेल्यावरही तो बराच वेळ लुगडे न सोडता ओटीवर बसून होता. शेवटी रावजीची बायको मनुबाई बाहेर आली आणि पाहुण्यांचे उरलेले पोहे त्याच्यापुढे ठेवून गेली. पोहे ठमीने केले आहेत, सकाळपासून ती आतच राबते आहे, एवढे तिने जाता जाता सांगितले. ते त्याला ठाऊक होते. पाहुण्यांच्या रांधपासाठी मनुबाईने तिला बोलावले होते, आणि माजघरात बसल्यावर काही अंगणातला खेळ दिसत नाही.

त्या रविवारी उन्हे कलल्यावर सगळी वाडी डोंगर उतरून काशीदला निघाली. रेडिओ होता तो सिराजुद्दीनकडे. जहाजावरून आणलेला, बॅटरीवर चालणारा, वरून विणलेला रुमाल घातलेला. भागोजी धुतलेला सदरा घालून निघाला, तेव्हा ठमी दाराशी उभी होती. तिनेही नवे लुगडे नेसले होते.

"मी आले तर चालंल का?" तिने विचारले. "रेडिओत काय मानसांची तोंडं दिसत न्हायत."

भागोजीने तिच्याकडे पाहिले. तिच्या बोलण्यात टोमणा होता की काय, हे त्याला उमगले नाही. चल म्हणाला, आणि पुढे चालू लागला.

दुकानाच्या पडवीत पुरुष दाटीवाटीने बसले, बाया अंगणात. ठमीला सिराजुद्दीनच्या बायकोने, गुलबानूने, आपल्याजवळ घेतले. त्या दोघी दाराच्या पडद्याआड बसल्या. नारळाच्या झाडांमधून समुद्र दिसत होता, पण तिकडे कोणी पाहत नव्हते. सिराजुद्दीनने रुमाल काढला, खटका फिरवला. आधी बाजारभाव सांगितले गेले, मग भाताच्या बियाण्याबद्दल कोणीतरी पुष्कळ वेळ बोलले. आणि मग रावजीच्या अंगणातली ढोलकी वाजली.

आपला आवाज भागोजीने कधी बाहेरून ऐकला नव्हता. कोण ही बाई, असे त्याला वाटले. पण थोड्या वेळाने ती बाई चालू लागली. दिसत नव्हती, तरी चालत होती. बोलण्याला तिच्या कमरेचा हेलकावा होता. पडवीतली माणसे हसू लागली. ज्यांनी तो खेळ प्रत्यक्ष पाहिला होता तीच माणसे पुन्हा पहिल्यापासून हसत होती. बाबाजीला दोघांनी धरून आणले होते, तो काठी आपटत होता. आपण इतकी वर्षे जे करतो ते असे असते होय, असे मनात येऊन भागोजीही हसला. कंडक्टर ओरडला. मावशी थांबली. पडवीतही सगळे थांबले.

आणि त्या शांततेत रेडिओतून कोणीतरी हसले.

मावशी अजून बोलली नव्हती. हसायची वेळ अजून झाली नव्हती. पण ते हसू अगदी जवळून आले, घशातल्या घशात दाबलेले, दाबता न येणारे; पुढे काय येणार ते पाठ असलेल्या माणसाचे. मग मावशी बोलली आणि अंगणातल्या हसण्यात ते बुडून गेले.

"कोन गं ती?" अंगणातून कोणीतरी विचारले. केसरकडे सगळ्यांनी पाहिले. केसर म्हणाली, माझे हसणे असे घुमत नाही, माझे किंचाळते. एकाने ते यंत्रातच असते म्हणून सांगितले. मुंबईवाले वरून घालतात.

भागोजी रेडिओच्या जवळ सरकला. तो आता मावशीला ऐकत नव्हता. न्यायाधीशाने वय विचारले, आणि मावशीने उत्तर देण्याआधीच ते हसू पुन्हा आले. ती म्हणाली, "मी जल्मले तवा मी लहान व्हते, सायेब, माज्या काय ध्यानात न्हाय," आणि अंगण गडगडले, पण पारवा आधीच घुमून गेला होता. त्या वर्षीचा खेळ नवा होता. शिमग्यात तो फक्त चार वाड्यांत झाला होता. ज्याने तिथे उभे राहून ऐकला नसेल, त्याला पुढचे कळण्याची काही सोय नव्हती.

त्याने वळून दाराकडे पाहिले. पडदा हलत होता. त्याखाली दोन बायांचे पाय दिसत होते. गुलबानूचे एकावर एक घेतलेले, आणि दुसरे घट्ट जुळवून ठेवलेले, जोडव्यांचे.

*

परत चढताना माणसे पुढे गेली. आभाळ अजून तांबूस होते. ठमी दोन पावले मागून येत होती. करवंदीच्या जाळीशी भागोजी थांबला.

"किती सालं येतेस तू?"

"कुठं?"

"खेळ्याला."

ठमीने करवंदीचे एक पान तोडले, बोटांत चुरगळले. मग म्हणाली की त्याने नको म्हटल्यावरच्या पहिल्या शिमग्याला नाही आली. त्या साली खरेच घरी बसली होती. त्याच्या पुढच्या साली शेजारची शकू बोलवायला आली आणि मांडाच्या मागे, गवताच्या उडवीआड दोघी उभ्या राहिल्या. मग दर वर्षी. नांदगावलाही दोनदा. तो परतायच्या आत घरी पोचावे लागे, पाणी तापवायचे असे, म्हणून शेवट मात्र तिने कधी पाहिला नव्हता.

"मी नको म्हनलं व्हतं."

"तुमाला माजं तोंड दिसायला नको व्हतं. ते कुठं दिसलं?"

 भागोजीच्या मनात दुसरेच होते, आणि ते विचारायला इतकी वर्षे गेली होती.

"मग मी पयल्यांदा मावशी झालो, त्या साली हसली का न्हाईस?"

ठमीने त्याच्याकडे असे पाहिले, जणू एवढेही याला कळत नाही.

"सासू बाजूला बसलेली. लग्नाला म्हयना न्हाय झाला. नव्या सुनेनं चारचौघांत दात काढायचे व्हय?" मग म्हणाली, "पदर दातानं फाटला माजा त्या रातीला. नवा व्हता."

भागोजी तिथेच दगडावर टेकला. आधी त्याचे खांदे हलले, मग तो मोठ्याने हसू लागला, दोन्ही हात गुडघ्यांवर आपटून, अलिबागच्या कारकुनांसारखा. पुढे गेलेल्यांपैकी कोणीतरी काय झाले म्हणून वरून हाक घातली. ठमी म्हणाली, काही नाही, ठेच लागली. तिने पदर तोंडाशी नेला आणि दुसरीकडे पाहू लागली, पण त्याला सोडून ती पुढे गेली नाही. तो हसायचा थांबेपर्यंत उभी राहिली.

मिरगाच्या आधी सिराजुद्दीन माल आणायला मुंबईला गेला, तेव्हा रेडिओच्या साहेबांना भेटून आला. लोकांना मावशी फार आवडली होती. दर महिन्याला पाहिजे म्हणत होते. आणि एक गोष्ट पुष्कळांनी कळवली होती, की ती हसणारी बाई कोण, तिला काढू नका. साहेबांनी तिलाही घेऊन यायला सांगितले होते.

*

भागोजी आणि ठमी रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरली. ठमी मुंबई पहिल्यांदाच बघत होती, पण लाँचमध्ये तिला इतके मळमळले होते की मुंबईकडे तिचे लक्ष नव्हते. केंद्रावर साहेबांनी त्यांना चहा दिला. काचेची खोली खरेच काचेची होती. भिंतींना बारीक भोके होती आणि पायांखाली जाजम, त्यामुळे चालल्याचाही आवाज होत नव्हता.

साहेबांनी ठमीला माइकच्या समोर खुर्ची दिली. स्वतः तिच्या शेजारी बसले. काचेपलीकडे यंत्रापाशी आणखी दोघे होते. आज मोकळेपणाने हसा बरे का, साहेब तिला म्हणाले. ठमीने मान हलवली, पाठ ताठ केली आणि पदराचे टोक दातांत धरले.

भागोजीने मावशीला लाँचमध्ये बसवायचे ठरवले होते. तो खेळ अजून कोणालाच, बैलांनाही, ऐकवलेला नव्हता. लाल दिवा लागला. मावशी धक्क्यावर आली, खलाशाला चार शब्द बोलली. भागोजीने समोर पाहिले. ठमी देवळातल्या मूर्तीसारखी बसली होती. एकच वाक्य त्याने दोनदा म्हटले. साहेब उत्साहाने मान डोलावत होते. त्यामुळे खोली जास्तच गप्प वाटू लागली.

तो थांबला. दिवा विझला. काही हवे का, साहेबांनी विचारले. पाणी?

"सायेब, तुमी जरा त्या काचंमागं बसाल का?" भागोजी म्हणाला.

साहेब चकित झाले, पण उठून गेले. मग भागोजीने माइकचा दांडा दोन्ही हातांनी उचलला, वळवला आणि भोकांच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ठमी आता त्याच्या पाठीमागे होती. काचेमागचे तिघे खाली वाकून यंत्रात काहीतरी बघत होते, किंवा तसे दाखवत होते.

दिवा पुन्हा लागला. मावशी धक्क्यावर आली. लाँच हलू लागली तसे तिच्या पोटातले हलू लागले. तिने खलाशाला हाक मारून सांगितले, की बाबा, मला उतरायचे नाही, तू हा समुद्र तेवढा उतरव. भागोजी भिंतीकडे बघत थांबला.

मागे खुर्ची करकरली.  मग पदराच्या आडून, घशातल्या घशात, आधी अडखळत आणि मग न थांबता, पारवा घुमू लागला.

पुढचे वाक्य भागोजीच्या जिभेवर होते. त्याने घाई केली नाही.